पाटा मोडला, दुसरा धाडा

श्यामकांत मेहेंदळे यांची फियाट बेहाल्याच्या ज्या खड्ड्यात बसली, तो खड्डा काही नवा नव्हता. मेहेंदळे कलकत्त्याला बदलून आले त्याच्या आधीपासून तो तिथं होता. बस, ट्रक, हातगाड्या, रिक्षा, सगळे त्याला मान देऊन वळसा घालायचे. पण वळसा घालणं हे हलक्या लोकांचं काम. मेहेंदळे पडले खिदिरपूरच्या गोदीतले कस्टमचे साहेब. जगभरची जहाजं त्यांच्या सहीसाठी खोळंबतात, तिथं एका खड्ड्याची काय टाप? गाडी सरळ गेली. मागून कडाड आवाज झाला आणि फियाट एका कुशीवर कलली, श्राद्धाचं जेवून उठलेल्या भटजीसारखी.

सुहासिनी मागं बसली होती, कारण पुढच्या सीटवर साहेबांची बॅग होती. तिचं डोकं टपावर आपटलं. मेहेंदळे खाली उतरले, गाडीभोवती फिरले, वाकून बघितलं, चुकचुकले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "उतर आधी. गाडीवरचं वजन कमी होऊ दे."

ती उतरली. वजन कमी करायची तिला सवय होती.

गल्लीच्या तोंडाशी निमाई मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, एक जॅक आणि निमाई. चार माणसांनी गाडी ढकलत घराच्या अंगणात आणली. निमाई खाली शिरला, बाहेर आला, बिडी पेटवली आणि मगच तोंड उघडलं. मागच्या चाकावरचा पाटा तुटला होता. पोलादाच्या जाड पट्ट्या एकावर एक आवळून केलेली ती कमान. गाडीचा सगळा भार तिच्यावर. इंग्रजीत स्प्रिंग म्हणतात. पण पुण्याचा मिस्त्री पाटा म्हणतो, म्हणून मेहेंदळेही पाटाच म्हणायचे.

"बाबू, मल्लिक बाजार चोलिए," निमाई म्हणाला. "आधा घोंटा में माल हाथ में."

"मल्लिक बाजार?" मेहेंदळे असे दचकले की जणू त्यानं त्यांना दारूच्या गुत्त्यावर बोलावलं. "कुणाच्या तरी गाडीचा उचललेला माल मी माझ्या गाडीला लावू? मी कस्टमचा माणूस आहे!"

"उठाया हुआ नहीं, बाबू. पुराना."

"अस्सल माल पुण्यात मिळतो. नाना पेठेत. तिथून मागवतो."

निमाईनं एकदा कललेल्या गाडीकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. पुणं कुठं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ते बरंच लांब असावं हे साहेबांच्या छातीवरून त्यानं ओळखलं. "जैसा हुकूम," म्हणाला आणि तुटक्या बाजूला आसाखाली विटांची चळत लावून निघून गेला.

सुहासिनी जिन्यात उभी राहून ऐकत होती. हजार मैलांवरून लोखंडाची कमान येणार होती. आणि चार वर्षांमागं तिनं काय मागितलं होतं?

पाटा. तिचा पाटा. दगडाचा, वरवंट्यासकट, चटणी-पुरण वाटायचा. कलकत्त्याला बिऱ्हाड हलवलं तेव्हा साहेबांच्या पुस्तकांची कपाटं आली, साहेबांची आरामखुर्ची आली, टेनिसच्या दोन रॅकेटी आल्या, ज्यांनी साहेब नंतर डास मारायचे. पाटा मात्र पुण्यात राहिला, कारण साहेब म्हणाले, "दगड कुणी हजार मैल नेतं का? वजनाला भाडं पडतं. तिथं काय दगड नाहीत?"

नाहीत. बंगालात खणलं की चिखल लागतो आणि आणखी खणलं की पाणी. हे साहेबांना भूगोलात शिकवलं असणार, पण भूगोल परीक्षेपुरता असतो.

सुरुवातीचं वर्ष तिचं बरं गेलं. खाली घरमालकीण राहायची, सगळे तिला माशीमा म्हणजे मावशी म्हणत, आणि ती सुहासिनीला बौमा, म्हणजे सूनबाई. हातात शंखाच्या बांगड्या, भांगात शेंदूर, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाचा मासेवाला तिथूनच भाव कमी करायचा. अंगणात तिची शीळ होती, म्हणजे तिथला पाटा. पहिल्याच दिवशी सुहासिनीच्या हातातल्या मिरच्या घेऊन ती म्हणाली होती, "दाओ बौमा, आमि बेटे दिच्छि." सुहासिनी हादरली. बाटवून देते म्हणते ही बाई! मग उमगलं. आपल्या 'व'चा तिथं 'ब' होतो. आपण वाटतो, ते बाटतात. आपलं वाटण, त्यांचं बाटा. दोन दिवस ती एकटीच हसत होती. तिसऱ्या दिवशी न राहवून नवऱ्याला सांगितलं. नवरा हसला नाही. म्हणाला, "भाषाच बाटलेली आहे."

पण रोज सकाळी अंगणात दोघी बसायच्या. एक वाटायची, एक सोलायची. अर्धं कळायचं, अर्धं हातवाऱ्यांनी भागायचं. सबंध शहरात सुहासिनीशी तिच्या नवऱ्याचा हुद्दा न विचारता बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

मग एकदा मेहेंदळे रविवारी अंगणात आले आणि त्यांनी शिळेच्या माथ्यावर बघितलं. तिथं टाकीनं मासा कोरला होता. चांगला गुबगुबीत, खवल्याखवल्यांचा. तिथल्या टाकीवाल्याला मासा कोरल्याशिवाय दगड पुरा झाल्यासारखा वाटतच नाही.

"हिच्यावर मासे वाटतात?"

"मासे कोण वाटेल? मोहरी वाटतात. माशाला लावायला."

"म्हणजे तेच! उद्यापासून बंद."

बाजारातून दुसरी शीळ आणू म्हटलं, तर प्रत्येक शिळेवर मासा. साहेबांनी एक लोखंडी खलबत्ता आणून दिला आणि प्रश्न सुटला असं जाहीर केलं. सरकारी माणसाचे प्रश्न असेच सुटतात, ज्याचे असतात त्याला न विचारता. हे तेच मेहेंदळे, ज्यांचा जेवणाचा डबा आठवड्यातून तीनदा जसाच्या तसा परत यायचा, आणि ज्यांच्या रुमालाला मोहरीतल्या हिलशाचा वास यायचा. गोदीच्या कँटीनमधला मासा हा कर्तव्याचा भाग होता. अंगणातला मासा हा धर्माचा प्रश्न होता. सुहासिनी रुमाल धुवायची आणि खलबत्ता कुटायची. अंगणातलं बसणं सुटलं. चार वर्षांत तिनं पुन्हापुन्हा तेच मागितलं, "माझा पाटा आणवा," आणि उत्तर यायचं, "वजन."

त्या रात्री मेहेंदळे जेवणाच्या टेबलावर तार लिहायला बसले. तार जायची होती सुहासिनीच्या भावाला, भालचंद्रदादाला. दादा पुण्यात संस्कृत शिकवायचा. पोस्टानं पत्र आठवडा खाईल आणि तोवर साहेबांना ट्राममधून, स्वतःच्याच कारकुनांच्या काखेखाली उभं राहून कचेरी गाठावी लागेल, म्हणून तार. मेहेंदळे तारेचा मजकूर बायकोवरच्या खर्चासारखा लिहायचे. आधी सगळं मांडायचं, मग एकेक काटत जायचं. फियाट गेलं. रिअर गेलं. स्प्रिंगवर पेन्सिल थांबली.

"स्प्रिंग नको," ते स्वतःशीच म्हणाले. "हा मास्तर घड्याळाची स्प्रिंग पाठवेल. पाटा लिहितो. आपल्या भाषेत आपल्या माणसाला लगेच कळतं."

त्यांनी वाचून दाखवलं. "पाटा ब्रोकन. सेंड न्यू हेवी. बाय गुड्स. अर्जंट. श्यामकांत."

सुहासिनी ताटं उचलत होती. तिचा हात थांबला. दादाला मोटारीतलं काय कळत होतं? सायकलची चेन पडली तर तो सायकल हातात धरून घरी यायचा.

"अहो," ती म्हणाली, "गाडीचा म्हणून लिहा."

"गाडीचा नाही तर काय बैलाचा? अगं, एक शब्द वाढतो."

एकदा सांगितलं होतं. दोनदा सांगायची सवय लग्नाच्या पहिल्याच वर्षी मोडली होती, आणि ती कुणी मोडली हे तिला पक्कं आठवत होतं. तिनं ताटं घासायला नेली. मोरीत नळ सोडून ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं आणि पाणी तसंच राहिलं. आला तर? खरंच आला तर?

उलटी तार चौथ्या दिवशी आली. "हेवी पाटा डिस्पॅच्ड. टेल सुहासिनी डोन्ट वरी."

मेहेंदळ्यांनी ती दोनदा वाचली. "मास्तर झाला म्हणून काय झालं, कामाचा आहे. पण तू कशाला वरी करतेस? गाडी माझी आहे."

"मी कुठं करते?" सुहासिनी म्हणाली. तिनं देवापुढं साखर ठेवली.

मग वाट बघणं सुरू झालं. ते वर्ष असं होतं की भिंतीवर रोज नवी क्रांती लिहिली जायची, सकाळी बाँब फुटायचा, दुपारी दिवे जायचे, आणि मालगाडी कुठल्या स्टेशनात झोपली आहे हे खुद्द मालगाडीलाही सांगता आलं नसतं. मेहेंदळे ट्राममधून चुरगळून यायचे आणि कललेल्या फियाटची धूळ झटकायचे. सुहासिनी त्यांच्याहून जास्त आतुर झाली होती, आणि घाबरलीही होती. दादाचं एखादं खुलासेवार पत्र मध्येच आलं तर? नवऱ्याला सुचलं आणि त्यांनी दुसरी तार केली तर? पण दादानं पत्रांचा कंटाळा केला आणि नवऱ्याला कधी काही सुचत नसे. तिचे दोन्ही आधार भक्कम निघाले.

पोस्टानं बिल्टी, म्हणजे रेल्वेची मालाची पावती, आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'घरगुती सामान'. मेहेंदळे खूष झाले. "बघितलंस? मोटारीचा भाग लिहिला असता तर भाडं चढलं असतं. घरगुती लिहिलं. संस्कृतवाला, पण चालू!" जी युक्ती गोदीत कुणी केली असती तर साहेबांनी त्याला उभा जाळला असता, ती मेव्हण्यानं केली म्हणून त्याचं कौतुक.

आणि मग त्यांनी गल्लीत सांगत सुटायला सुरुवात केली. पुण्याचा माल बघा म्हणाले. पोलाद कसं असतं ते बघा.

खोका हावड्याहून हातगाडीवर आला. पूल ओलांडून, सबंध शहर ओलांडून, आणि त्याच खड्ड्याला वळसा घालून. दोघे हमाल घामानं निथळत होते. अंगणात माशीमा शिळेपाशी मोहरीची वाटी घेऊन बसली होती, निमाई पहार घेऊन आला, गल्लीतली दहा-बारा डोकी जमली. मेहेंदळे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "सांभाळून. अस्सल आहे."

निमाईनं फळ्या उचकटल्या. पेंढा उपसला. आतून जुन्या नऊवारीचं फडकं निघालं. फडक्यात, चांगला हातभर रुंद, काळाभोर, ताज्या टाकीच्या खुणांनी भरलेला, हळदकुंकू लावलेला पाटा. शेजारी वरवंटा, गुटगुटीत.

निमाईनं पाट्यावरून हात फिरवला, वाकून फियाटखाली बघितलं, पुन्हा पाट्याकडे बघितलं.

"बाबू," तो अत्यंत आदरानं म्हणाला, "ए कोन गाडी का इस्प्रिंग? रोड-रोलर का?"

गल्ली फुटली. हमाल हसले, माशीमा पदर तोंडाला लावून हसली, कुंपणावरची पोरं खाली पडली. सुहासिनी हसली नाही. ती जिन्यातून सावकाश उतरली आणि पाट्यापाशी उकिडवी बसली. कुंकू वहिनीच्या बोटाचं होतं, तिला तो ठसा ओळखता आला. बहिणीचा पाटा मोडला म्हणून दादानं तार वाचून शाळा बुडवली असणार. सगळ्यात जड कुठला ते विचारलं असणार. हेवी.

"मूर्ख!" मेहेंदळे ओरडले. "तुझा भाऊ शुद्ध मूर्ख आहे! पाटा म्हणजे पाटा कळत नाही?"

"पाटाच आलाय की," सुहासिनी म्हणाली.

मेहेंदळ्यांना दुसरा शब्द सुचेना, कारण बिचारी मराठी त्यांच्या बाजूला नव्हती. ते लालबुंद होऊन गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. आणि येताना त्यांच्या चेहऱ्यावर अचानक उजेड पडला. तो उजेड सुहासिनीच्या ओळखीचा होता. साहेबांच्या साहेबांची आठवण झाली की तो पडायचा.

"थांब रे, हातगाडीवाला! जाऊ नकोस." ते वळले. "अगं, पटवर्धनसाहेबांच्या शैलाताई! परवा मंडळात हळदीकुंकवाला म्हणाल्या नव्हत्या का, इथं पाटा नाही, पुरणाचे हाल होतात?"

शैलाताई म्हणजे मोठ्या साहेबांची बायको. सोवळं इतकं कडक की नळाला आलेलं गंगेचं पाणीसुद्धा चौकशी करून वापरायच्या.

"म्हणाल्या होत्या," सुहासिनी म्हणाली.

"मग? खास पुण्याहून मागवला म्हणून सांगतो. यंदा बदल्यांची यादी पटवर्धनसाहेबांच्याच हातात आहे. उचला रे!"

एका बाईनं एकदा हळदीकुंकवाला बोललेलं वाक्य साहेबांना आठवत होतं. दुसरी बाई चार वर्षं तेच बोलत होती. पण तिच्या नवऱ्याच्या हातात कुठली यादी नव्हती.

"अहो, दादानं माझ्यासाठी पाठवलाय."

"तुला नंतर मागवू. लगेच."

लगेच म्हणजे काय हे तिला तोंडपाठ होतं. हमाल वाकले. त्यांनी पाट्याखाली हात घातले. सुहासिनीनं इकडंतिकडं बघितलं, आणि तिला माशीमाच्या हातातली वाटी दिसली. मोहरी, हिरव्या मिरच्या, थोडी हळद. ती पाट्यासमोर मांडी मोडून बसली, वरवंटा ओढला आणि तिच्या मोडक्या बंगालीत म्हणाली, "माशीमा, आशुन. एखाने बाटुन." या, इथं वाटा.

माशीमा गोंधळली. तिनं एकदा साहेबांकडे बघितलं. "माछेर जोन्ने, बौमा," ती हळूच म्हणाली. माशासाठी आहे गं.

"जानि."

"नोतुन पाथोर. किरकिर कोरबे." नवा दगड, कचकच लागेल. पहिलं वाटण खाण्याजोगं नसतं, हे दोघींनाही माहीत होतं.

"फेकून देऊ," सुहासिनी मराठीतच म्हणाली. "खायचं कुणाला आहे?"

माशीमाला तेवढं मराठी कळलं. तिनं वाटी पाट्यावर उपडी केली, समोर बसली आणि दोघींनी वरवंट्याची दोन टोकं धरली. घर्र, घर्र. पिवळी मोहरी, हिरवी मिरची आणि काळ्या दगडाची कच एक झाली. तिखट वास अंगणभर पसरला, थेट रुमालातला.

मेहेंदळे धावत आले. "अगं, काय करतेस! बाटला! बाटला पाटा!"

माशीमानं मान वर केली. तिचा चेहरा फुलला. चार वर्षांत या माणसानं पहिल्यांदा तिच्या भाषेत तोंड उघडलं होतं. "हें हें, बाटा होलो! शुंदोर बाटा होलो!" ती आनंदानं ओरडली आणि गल्लीला सांगू लागली, बघा बघा, बाबू बांगला शिकले.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

मेहेंदळे दात चावत बायकोच्या कानाशी वाकले. "हरकत नाही. धुऊन काढ. चिंच लाव, राख लाव. शैलाताईंना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळणार," सुहासिनी वाटता वाटता म्हणाली. "पण त्या मलाच विचारतील ना, वहिनी, काही लागलं नाही ना याला? मला खोटं बोलता येत नाही, तुम्हाला माहितीये. आणि एकदा खरं सांगायला बसले, की मग तुमचा डबा तसाच परत का येतो, तेही निघेल बोलता बोलता."

मेहेंदळे सरळ झाले. त्यांनी रुमाल काढला, तोंड पुसायला उचलला आणि काहीतरी आठवून पुन्हा खिशात घातला.

"जाव," ते हातगाडीवाल्याला म्हणाले. "क्या तमाशा देखता है?"

"ऊपर रखना है, माँजी?" हमालानं विचारलं.

जिना अरुंद होता, पाटा हेवी होता. "नहीं," सुहासिनी म्हणाली. "वजन होतं. इथंच राहू दे. शिळेशेजारी."

दोन दिवसांनी मेहेंदळे निमाईबरोबर मल्लिक बाजारात गेले आणि फियाट उभी राहिली. कचेरीत त्यांनी सांगितलं, माल पुण्याचा आहे, म्हणून तर एवढा वेळ लागला. कारकुनांनी माना डोलावल्या. मान डोलावण्याचाच त्यांना पगार होता.

पुढं कधीतरी गल्लीत टाकीवाला ओरडत आला. माशीमाच्या शिळेला टाकी लावून झाली, मग तो सुहासिनीच्या पाट्याकडे वळला. त्यानं दगडाची तारीफ केली, टाकी टेकवली आणि माथ्यावर हात ठेवून विचारलं, इथं मोकळं आहे, काढू?

माशीमा नको नको म्हणून हात हलवू लागली. वरच्या खिडकीत साहेब दाढी करत होते.

"काढ," सुहासिनी मोठ्यानं म्हणाली. "आणि तिच्यापेक्षा मोठा काढ."

त्या माशाकडे मेहेंदळे कधी बघत नाहीत. गाडीत बसताना मान वळवतात. चटणी मात्र दोनदा मागून घेतात.